वही बंद केली तर देव रागावेल का?

सप्रेम जय ख्रिस्त.

मी बेचाळीस वर्षांची, दोन मुलांची आई. लहानपणापासून मंडळीत वाढले. आमच्या महिला संघात प्रत्येकीला एक वही दिलेली आहे. त्यात रोजच्या चार ओळी : पहाटेची प्रार्थना, वचनाचे चार अध्याय, बुधवार-शुक्रवारचा उपास आणि कोणाला साक्ष दिली का. केलं की खूण करायची. महिनाअखेरीला वही संघात दाखवायची.

मी सहसा काही चुकवत नाही. चुकलंच तर दुसऱ्या दिवशी आठ अध्याय वाचते. प्रार्थनेत मन भरकटलं तर पहिल्यापासून सुरू करते, कधी कधी तीन-तीनदा. गेल्या महिन्यात मुलाला ताप आला, तेव्हा पहिला विचार मनात आला तो हाच की आदल्या शुक्रवारी माझा उपास मोडला होता.

नवरा म्हणतो, "आपण नियमशास्त्राखाली नाही, कृपेखाली आहोत." ते उपासनेला येत नाहीत, घरीही प्रार्थना करत नाहीत. वही सोडली तर माझंही तसंच होईल याची भीती वाटते. आणि खरं सांगायचं तर ते माझ्यापेक्षा शांत दिसतात याचा रागही येतो.

नऊ वर्षांच्या मुलीला मी तशीच वही करून दिली होती. परवा पाहिलं तर तिने पुढच्या अख्ख्या आठवड्याच्या खुणा आधीच करून ठेवलेल्या. मी रागावले. ती म्हणाली, "खूण नसली तर देव रागावेल ना?" मला उत्तर देता आलं नाही. यातले कोणते नियम सोडले तर चालतील आणि कोणते ठेवायचे, एवढं सांगा.

– थकलेली एक भगिनी

---

प्रिय ताई,

जय ख्रिस्त. आधी तुमच्या लेकीबद्दल. तिला जवळ घेऊन सांगा की ती वही आता नको. वहीचा कारभार तिला तुमच्याआधी कळला, एवढाच तिचा गुन्हा. वहीला खुणा हव्या होत्या, तिने खुणा दिल्या. वाचताना काय आवडलं, काय कळलं नाही, हे वही विचारतच नाही. मग नऊ वर्षांच्या पोरीने दुसरं काय करावं? वाचून मला हसू आलं, आणि पुढच्या ओळीतला तिचा प्रश्न वाचून ते मावळलंही. त्या प्रश्नाकडे येतेच, पण त्याचं उत्तर तिच्याआधी तुम्हाला हवंय असं मला वाटतं.

कोणते नियम सोडायचे आणि कोणते ठेवायचे याची यादी मात्र मी देणार नाही. दिली तर तुम्ही तीही वहीत उतरवाल, आणि 'आज उपास सोडला' यापुढेही इमानेइतबारे खूण कराल. तुमच्या चारही ओळी चांगल्या आहेत. पहाटे उठून प्रार्थना करणाऱ्या बाईला मी कशाला अडवू? प्रश्न आहे तो त्या खुणांच्या बदल्यात तुम्ही देवाकडून काय मिळवू पाहताय, याचा.

तापाचंच घ्या. शुक्रवारी उपास मोडला, नंतर मुलाला ताप आला, आणि तुमच्या मनाने दोन्हींची सांगड घालून टाकली. या हिशोबात देव म्हणजे मुकादम झाला, खाडा पडला की पगार कापणारा. रोमकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात प्रेषित पौल हेच उलगडून सांगतो : काम करणाऱ्याला मिळते ती मजुरी, ती कोणी कृपा म्हणून देत नाही, ते त्याचं येणंच असतं. देवाची मर्जी खुणांवर मिळत असेल तर ती मजुरीच झाली, आणि मजुरी आज ना उद्या कापली जाईल ही धास्तीही तिच्यासोबत आली. तुम्ही थकलात त्या या धास्तीने. चार अध्याय वाचून माणूस एवढा थकत नाही.

आणि आजारपण शिक्षा म्हणून येतं का, हे शिष्यांनी खुद्द येशूला विचारलं होतं. योहानाच्या नवव्या अध्यायात जन्मापासून आंधळा असलेला माणूस दिसतो आणि शिष्य विचारतात, पाप कोणी केलं, याने की याच्या आईबापांनी? येशू म्हणतो, यानेही नाही आणि याच्या आईबापांनीही नाही. शिलोहाचा बुरूज कोसळून १८ माणसं मेली, त्यांच्याविषयीही तो सांगतो की ती यरुशलेमेतल्या इतरांपेक्षा जास्त अपराधी नव्हती (लूक १३). तेव्हा मुलाला ताप आला की थर्मामीटर लावा, डॉक्टरांना दाखवा, उशाशी बसून प्रार्थना करा. मागच्या शुक्रवारी तुम्ही काय खाल्लंत याची चौकशी त्या खोलीत नको.

हे दुखणं तुमच्या महिला संघात जन्मलेलं नाही. मंडळी जेवढी जुनी, तेवढंच तेही जुनं आहे. गलतियातल्या मंडळ्या पौलाने उभ्या केल्या आणि तो पुढे गेला. त्याच्यामागून तिथे काही शिक्षक पोचले. त्यांनी ख्रिस्ताला नाकारलं नव्हतं, हे लक्षात ठेवा. त्यांचं म्हणणं एवढंच, की विश्वास ठेवलात ते उत्तम झालं, आता सुंता करून घ्या, ठरलेले दिवस, महिने, सण पाळा, म्हणजे राहिलेलं पूर्ण होईल. पौल आपल्या बहुतेक पत्रांत आधी वाचणाऱ्यांबद्दल देवाचे आभार मानतो आणि मग मुद्द्यावर येतो. गलतीकरांना लिहिताना त्याने आभार गाळलेच. नमस्कार झाला की लगेच, तुम्ही इतक्या लवकर फिरलात याचं मला आश्चर्य वाटतं! तिसऱ्या अध्यायात तर तो त्यांना बुद्धिहीन म्हणतो आणि विचारतो, आत्म्याने सुरुवात केलीत, आता शेवट स्वतःच्या बळावर करणार काय? एवढं चिडायला कारण होतं. नियम पाळून माणूस देवासमोर नीतिमान ठरत असेल, तर ख्रिस्ताचं मरण फुकट गेलं, हे तो दुसऱ्या अध्यायाच्या शेवटी लिहून बसलाय. 'ख्रिस्त अधिक थोडं माझं' हा हिशोब त्याला मान्यच नव्हता.

त्याच अध्यायात अंत्युखियातला प्रसंग आहे. तो तुम्ही सावकाश वाचावा असं मला फार वाटतं. पेत्र तिथे परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांबरोबर एका पंगतीला जेवत होता. मग याकोबाकडून, म्हणजे यरुशलेमेच्या मंडळीतून, सुंतेचा आग्रह धरणारी काही माणसं आली, तसा पेत्र मागे सरला आणि वेगळा बसू लागला. तो उठला म्हणून बाकीचे यहूदी उठले, बर्णबासारखा माणूसही त्यांच्याबरोबर वाहवत गेला. पौलाने सगळ्यांदेखत पेत्राला तोंडावर सुनावलं. आता गंमत पाहा, पेत्राचं मत काही बदललं नव्हतं. यरुशलेमेतल्या सभेत, जे जू आपल्या पूर्वजांना झेपलं नाही आणि आपल्यालाही झेपलं नाही ते या लोकांच्या मानेवर का ठेवता, असं विचारणारा हाच पेत्र (प्रेषितांची कृत्ये १५). कृपा म्हणजे काय हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तरी तो उठला, आणि का उठला हे पौल एका शब्दात सांगतो. भीती. आलेल्या माणसांची भीती.

म्हणून तुम्हाला एक विचारते. महिनाअखेरीला वही कोणीच पाहणार नसेल, तर चारपैकी कोणती ओळ सगळ्यात आधी सुटेल? उत्तर मला कळवू नका, स्वतःला द्या. जी पहिल्यांदा सुटेल ती तुम्ही संघासाठी पाळत होता. आणि कोणी पाहत नसतानाही जी हवीहवीशी वाटेल, ती नियम म्हणून ठेवायची गरजच उरणार नाही.

उपासाबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण तुमच्या मनात सगळ्यात मोठी गाठ त्याचीच दिसते. मोशेच्या नियमशास्त्रात सबंध राष्ट्रासाठी वर्षातून एकच उपास सांगितलेला आहे, प्रायश्चित्ताच्या दिवसाचा. लूकच्या अठराव्या अध्यायातला परूशी, म्हणजे नियम काटेकोर पाळणाऱ्या यहूदी पंथातला माणूस, आठवड्यातून दोनदा उपास करतो. म्हणजे त्याने ती स्वतःहून भर घातली होती, आणि मंदिरात उभं राहून देवाला ती ऐकवतही होता. पुढे काय झालं असेल? डिडाखे नावाची फार जुनी ख्रिस्ती शिकवण आहे, मंडळीच्या अगदी सुरुवातीच्या काळातली. तीत सांगितलंय की ढोंगी लोक सोमवारी आणि गुरुवारी उपास करतात, तुम्ही बुधवारी आणि शुक्रवारी करा. वार बदलले, संख्या दोनच राहिली! तुमच्या वहीतले बुधवार-शुक्रवार इतके जुने आहेत. जुने म्हणून ते वाईट ठरत नाहीत, आणि पवित्रही ठरत नाहीत. येशूने उपास करू नका असं कुठेच म्हटलेलं नाही. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात तो उपास धरूनच चालतो. सांगतो फक्त एवढंच, की डोक्याला तेल लावा, तोंड धुवा, तुम्ही उपाशी आहात हे माणसांना दिसू नये. आता मला सांगा, महिनाअखेरीला वही उघडून बायांना दाखवायची रीत या वचनापुढे कशी टिकते? कोणी वाईट हेतूने ती सुरू केली असं मी म्हणत नाही. एकमेकींना हुरूप यावा म्हणूनच केली असेल. पण गुप्तात करायच्या गोष्टीची जाहीर हजेरी घेतली की काय होतं ते तुमच्या लेकीने करून दाखवलं.

आता तुमच्या यजमानांकडे येऊ. ते म्हणतात ते वचन रोमकरांस सहाव्या अध्यायातलं चौदावं. वचन खरं आहे. पण त्या अध्यायाची सुरुवात अशी आहे : कृपा वाढावी म्हणून आपण पाप करत राहावं काय? कदापि नाही. आणि चौदाव्याच्या लगेच पुढे पंधराव्या वचनात पौल तोच प्रश्न पुन्हा विचारून तेच उत्तर पुन्हा देतो. म्हणजे ज्या वचनावर रेलून ते स्वस्थ बसलेत, त्याच्या दोन्ही बाजूंना स्वस्थ बसू नका असं लिहिलेलं आहे. डीट्रिख बोनहॉफर या जर्मन पाळकाने १९३७ साली या प्रकाराला स्वस्त कृपा म्हटलं होतं. क्षमा हवी, पण जिच्याकडून ती येते त्या व्यक्तीमागे जायचं नाही.

तरी हे सगळं त्यांना ऐकवायला जाऊ नका. एक तर तुमच्या तोंडून ते उपदेश म्हणून ऐकलं जाईल. दुसरं असं, की उपासना का सुटली हे तुम्ही त्यांना कधी विचारल्याचं पत्रात दिसत नाही. माणूस कधी आळसाने लांब जातो, कधी दुखावून, कधी अशीच एखादी वही भरून भरून विटलेला असतो. विचारा आणि ऐकून घ्या, लगेच वचन काढू नका. मला तर वाटतं, तुम्ही दोघं दिसता तितके वेगळे नाही. तुम्ही देवाला खूश करायला धावताय, ते त्याला टाळताहेत, आणि त्याच्याजवळ निवांत बसणारं घरात तूर्त कोणीच नाही.

त्यांच्या शांतपणाचा राग येतो असं तुम्ही लिहिलंत. बरं झालं लिहिलंत, लपवलं नाहीत. हा राग पवित्र शास्त्रात आहे. उधळ्या पुत्राची गोष्ट आपण, बापाचं धन उडवून परतलेल्या धाकट्याला बाप मिठी मारतो, तिथेच थांबवतो. उपदेशही बहुधा तिथेच संपतो. पण लूकच्या पंधराव्या अध्यायात थोरला अजून शेतात आहे. घराजवळ आल्यावर त्याला गाणं-नाचणं ऐकू येतं. तो आत जात नाही, एका चाकराला बोलावून चौकशी करतो. हे बारीक आहे, पण फार बोलकं आहे. स्वतःच्या घरात काय चाललंय ते तो चाकराला विचारतो! मग बाप बाहेर येतो, समजूत घालतो, आणि इतक्या वर्षांचं साठलेलं बाहेर पडतं : मी इतकी वर्षं तुमची चाकरी करतोय, तुमची एकही आज्ञा मोडली नाही, तरी मित्रांबरोबर मजा करायला तुम्ही मला कधी करडूही दिलं नाही. मुलगा आहे, आणि बोलतोय चाकरासारखा. हिशोब तोंडपाठ आहे, करडापर्यंत. बाप ना त्याचा हिशोब खोडून काढतो, ना त्याला रागावतो. म्हणतो, बाळा, तू तर नेहमी माझ्याबरोबर आहेस, आणि माझं आहे ते सगळं तुझंच आहे. म्हणजे करडू मागायची गरजच नव्हती, गोठा त्याचाच होता. थोरल्याने इतकी वर्षं जे कमवायचा प्रयत्न केला, ते पहिल्या दिवसापासून त्याच्या नावावर होतं.

ताई, तुम्ही त्या शेतात उभ्या आहात असं मला दिसतं. आणि बाप धाकट्यासाठी धावला तसा थोरल्यासाठीही घराबाहेर आला होता, हे विसरू नका.

इतिहासात अशी माणसं खूप भेटतात, आणि ती साधीसुधी नाहीत. अठराव्या शतकातला इंग्रज धर्मोपदेशक जॉन वेस्ली ऑक्सफर्डला असताना काही तरुणांबरोबर इतक्या शिस्तीने प्रार्थना, अभ्यास आणि बुधवार-शुक्रवारचे उपास करायचा की बाकीची पोरं त्यांना मेथॉडिस्ट, म्हणजे पद्धतवाले, म्हणून चिडवायची. दीक्षा झालेली, परदेशात सेवा करून आलेला, आणि तरी मनाला शांती नाही. २४ मे १७३८ च्या संध्याकाळी लंडनमधल्या एका छोट्या सभेत कोणीतरी रोमकरांस पत्रावरची धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरची प्रस्तावना वाचत होतं. ती ऐकताना त्याला पहिल्यांदा खात्री वाटली की ख्रिस्ताने माझी, माझीसुद्धा, पापं दूर केली आहेत. मला महत्त्वाचं वाटतं ते त्यानंतरचं. वेस्लीने त्या रात्रीनंतर नियम टाकून दिले नाहीत. तो पहाटे चारला उठत राहिला, शुक्रवारचा उपास करत राहिला. पुढे उतारवयात आपल्या जुन्या रोजनिशीवर टिपणं करताना त्याने लिहिलं की तेव्हाही माझ्याजवळ विश्वास होता, पण तो चाकराचा होता, पुत्राचा नव्हता. उपास तोच, माणूसही तोच. फक्त आता तो आपल्याच घरात राहत होता.

आपल्या पंडिता रमाबाईंचंही तसंच. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. १९०७ साली साक्ष लिहिताना त्यांनी मोकळेपणाने म्हटलं की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी मला कळलं, मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण त्या धर्माचा जीव जो ख्रिस्त, तो सापडला नव्हता. एवढ्या विदुषीला आठ वर्षं लागली. तुम्ही स्वतःला जरा सूट द्या.

'वही सोडली तर मी ढिली पडेन' या भीतीबद्दल. ही भीती फसवी आहे, पण अगदीच निराधार म्हणता येणार नाही. काही दिवस ढिलाई येईल. धास्तीने चालणारं यंत्र धास्ती काढली की आधी थांबतं, मग हळूहळू दुसऱ्या बळावर चालू लागतं. ते बळ कोणतं, हे पौल तीताला लिहिलेल्या पत्रात सांगतो : देवाची कृपा आपल्याला शिकवते, अभक्ती टाकून मर्यादेने, नीतीने, भक्तीने जगायला शिकवते. शिकवण्याचं काम नियमाचं, आणि कृपा म्हणजे चुकल्यावरची माफी, असं आपण धरून चालतो. तीताच्या पत्रात मास्तरकी कृपेकडेच आहे. इफिसकरांस दुसऱ्या अध्यायातही क्रम पाहा. आठवं-नववं वचन सांगतं की तारण कृपेने आहे, कर्मांनी नाही, कोणी बढाई मारू नये म्हणून. दहावं सांगतं की आपण सत्कर्मांसाठी निर्माण केलेले आहोत. सत्कर्मं आहेतच, पण ती नंतर येतात. आणि खोटं न बोलणं, कोणाला न फसवणं, शेजाऱ्यावर प्रेम करणं हे तुमच्या वहीतल्या ओळींसारखं नाही. ते मी सोडायला सांगतेय असा अर्थ कोणी काढू नये. गलतीकरांस पत्रातच, स्वातंत्र्य देहवासनांना मोकळीक म्हणून वापरू नका, प्रेमाने एकमेकांची सेवा करा, असं बजावलेलं आहे.

ही एका पंथाची शिकवण आहे असंही कोणी म्हणेल. ज्या प्रश्नावरून सोळाव्या शतकात मंडळी फुटली, त्यावर कॅथलिक आणि ल्यूथरन मंडळ्यांनी ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग इथे एका संयुक्त निवेदनावर सह्या केल्या. देव आपल्याला स्वीकारतो तो केवळ कृपेने, आपल्या कोणत्याही गुणावर नाही, हे त्यांनी मिळून म्हटलं. बाकी मतभेद शिल्लक आहेत, पण एवढं तरी आता वादात नाही.

एका गोष्टीची मला काळजी वाटते. प्रार्थनेत मन भरकटलं म्हणून पुन्हा पहिल्यापासून, तेही तीन-तीनदा. हे भक्तीचं लक्षण नाही, ताई. मन भरकटलं तर जिथे आठवलं तिथून पुढे बोला. देव मध्येच ऐकायचं थांबलेला नसतो. मार्टिन ल्यूथर मठात असताना तासन्‌तास पापं कबूल करत बसायचा आणि बाहेर पडल्यावर त्याला राहिलेलं काहीतरी आठवायचं. इग्नेशियस लोयोला तर विरुद्ध, कॅथलिक बाजूचा, तोही स्पेनमधल्या मॅनरेसाला असताना याच छळाने आयुष्य संपवायच्या विचारापर्यंत गेला होता. दोघांच्याही श्रद्धेत खोट नव्हती. मन एका खाचेत अडकलं होतं. पुन्हा म्हणावीशी वाटण्याची ओढ आवरता येत नसेल, झोप उडत असेल, हात धुणं किंवा कुलूप तपासणं असंही काही वारंवार होत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. अशा दुखण्यावर उपचार आहेत. तिथे जाणं म्हणजे विश्वास कमी पडला असं नाही, आणि कोणी तसं म्हणालं तर ऐकू नका.

आता करायचं काय. वही महिनाभर कपाटात ठेवा. फाडू नका, फाडण्यातही एक आव असतो. आठ अध्यायांची भरपाई आजपासून बंद. राहिलं ते राहिलं. रोज चार अध्यायांऐवजी गलतीकरांस पत्र घ्या, सहाच अध्याय आहेत, एका बैठकीत होतं. आवडलं तर दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा वाचा. ज्या दिवशी काहीच जमलं नाही, त्या रात्री माफीने सुरुवात न करता साधं बोला, दिवस कसा गेला ते सांगा. तुम्हाला हे सगळ्यात अवघड जाईल, म्हणून हेच नक्की करा. उपास करावासा वाटला तर करा, घरात कोणाला न सांगता. अर्पणाचं तुम्ही विचारलं नाहीत, पण त्यातही दडपण असेल तर करिंथकरांस दुसऱ्या पत्राचा नववा अध्याय पाहा : प्रत्येकाने मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं, खंत करत किंवा भाग पडलं म्हणून नको.

आणि मुलगी. तिला सांगा, "नाही, खूण नसली म्हणून देव रागावत नाही. तू बोललीस की त्याला आवडतं, नाही बोललीस तरी तू त्याचीच." ती हुशार दिसते, तेव्हा पुढचा प्रश्न येईलच, की मग देव कधीच रागावत नाही का? खोटं सांगू नका. मार्कच्या तिसऱ्या अध्यायातली गोष्ट वाचून दाखवा. शब्बाथाचा, म्हणजे काम न करण्याचा दिवस, सभास्थान, हात वाळलेला एक माणूस, आणि येशू आज याला बरं करतो का हे टपून पाहणारी नियमाची माणसं. येशूने त्यांच्याकडे रागाने पाहिलं असं तिथे लिहिलंय. कशाचा राग आला असेल, ते तिलाच सांगू द्या. रात्रीची प्रार्थना तिच्याबरोबर करा, छोटी, तिच्या शब्दांत. एखाद्या रात्री ती झोपून गेली तर उठवू नका.

राहिला महिला संघ. महिनाअखेरीला वही विचारतील, तेव्हा फक्त म्हणा, "या महिन्यात मी वही लिहिली नाही, गलतीकरांस पत्र वाचतेय." लंबंचौडं कारण देऊ नका, इतर बायांच्या वह्यांवर टीकाही करू नका. रोमकरांस चौदाव्यात दिवस पाळणाऱ्याने न पाळणाऱ्याला आणि न पाळणाऱ्याने पाळणाऱ्याला नावं ठेवू नयेत असं सांगितलंय, आणि नव्याने मोकळं झालेल्या माणसाला दुसरा भाग जास्त जड जातो. एखादीला वहीने खरंच बळ मिळत असेल तर तिला ती लखलाभ. संघप्रमुख बाईंनी फारच आग्रह धरला तर पाळकांना वेगळं भेटून हे पत्र दाखवलंत तरी चालेल, तुमचं नाव यात कुठेच नाही. पाळकही वहीच्याच बाजूचे निघाले, तर मला पुन्हा लिहा.